निरोप नेणारी

“मॅडम, माझं नाव बदला,” ललिता म्हणाली आणि तिनं शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“अगं बाई, बदललंय ना! माझ्या प्रबंधात तू रेवती आहेस. कधीचीच.”

“तेच म्हणते ना मी. रेवती नको.”

मी कपाळाला हात लावला. अख्खं प्रकरण टाइप करून झालं होतं. रेवती म्हणाली, रेवतीनं सांगितलं, रेवतीच्या मते. आता ते सगळं पुन्हा उकरायचं म्हणजे डोक्याला ताप. पण ललिता एकदा ‘नको’ म्हणाली की नको. जंगलात बारा वर्षं काढलेल्या बाईला मी काय दटावणार?

“बरं, मग काय ठेवू? सुमन? कल्पना?”

“पिट्टे.”

“हे काय नाव आहे?”

“आमच्या भाषेत पाखराले म्हणतात,” ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. कुठल्याशा शाळेचे गणवेश शिवायचं काम होतं. पोट सहा महिन्यांचं झालेलं, त्यामुळे ती मशीनपासून जरा लांब, अवघडून बसायची. “आणि लिवण्यातच नाही. बोलतानाही तेच म्हणा. तुम्ही म्हणता ना तसं, झोपेतही.”

झोपेतही, हे माझ्या गाइडचं, इंगोले सरांचं वाक्य. मी अमरावतीची. नागपूरला इंगोले सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विषय होता, हत्यार घेऊन जंगलात गेलेली माणसं परत का येतात. घरचे म्हणायचे, जगाच्या पोरी बँकेच्या परीक्षा देऊन राहिल्या आणि आमची कुंदा नक्षल्यांच्या घरी चहा पिऊन राहिली. सरांचा पहिला नियम असा की ज्याची मुलाखत घेतली त्याचं खरं नाव कुठंही येता कामा नये. कागदावर नाही, तोंडात नाही, स्वतःच्या आईशी बोलतानाही नाही. बदललेलं नाव इतकं रुळलं पाहिजे की झोपेत कुणी विचारलं तरी तेच बाहेर पडावं. कुणाचा किस्सा सांगायची वेळ आलीच, तर नाव बदला, गाव बदला, काम बदला. आमच्या विषयात एका निष्काळजी शब्दानं माणूस जीवानिशी जातो, हे सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पाखरू मला फार आवडलं. त्याच दिवशी मी तळटीप लिहून टाकली. ‘स्वतःसाठी पक्ष्याचं नाव निवडण्यातून निवेदिकेची मुक्ततेची आकांक्षा व्यक्त होते.’ सरांनी समासात ‘छान’ असं लिहिलं. मी दोन दिवस हवेत होते.

ललिता हेसुद्धा तिचं मूळ नाव नव्हतं. ते दलमनं दिलेलं. दलम म्हणजे त्यांची जंगलातली तुकडी. तिथं गेल्या गेल्या जुनं नाव टाकायचं असतं. तिचा नवरा तिला तिथंच भेटला, म्हणून तोही तिला ललिताच म्हणायचा. शरण आलेल्यांच्या त्या वसाहतीत, गडचिरोलीच्या बाहेर, सगळेच एकमेकांना जंगलातल्या नावांनी हाका मारायचे. तिचं घरचं नाव जुरी. हे मला तिनं फार उशिरा सांगितलं. का सांगितलं, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

नाव बदला म्हणाली त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. मी सहज बोलून गेले की आता मला दुसरी बाजू घ्यायची आहे. ज्यांची मुलं जंगलात गेली आणि मेली, अशा घरच्यांशी बोलायचंय. त्यासाठी कोरेमर्का नावाच्या गावी जाणार आहे.

तिच्या हातातली कात्री खाली पडली.

“कोरेमर्काले?”

“हो. का गं?”

तिनं उठून दार लोटून घेतलं. पाणी प्यायली. मग म्हणाली, “तिथं माझी माय आहे. मुरी पुंगाटी. तिले वाटते मी मेली.”

चार वर्षांपूर्वी नदीच्या काठी चकमक झाली होती. काही माणसं गोळ्यांनी गेली, काही वाहून गेली. ललिता पोहत निघाली, दोन दिवस चालली आणि पोलिसांपुढं जाऊन उभी राहिली. दलमनं तिला मेलेल्यांत धरलं. गावोगाव नावं वाचली, त्यात तिचंही. आणि तिनं ते तसंच राहू दिलं. कारण कोरेमर्का अजून त्यांच्या मुठीत होतं. पोरगी शरण गेली असं कळलं असतं तर म्हातारीला गावानं वाळीत टाकलं असतं, किंवा त्याहून वाईट झालं असतं. बाप कधीच वारलेला. भाऊ, बहीण कुणी नाही. आहे ती एवढी एक म्हातारी.

“माझ्या नावाचा दगड लावला म्हणे तिनं,” ललिता म्हणाली. माडिया लोक मेलेल्या माणसासाठी गावाबाहेर उभा दगड लावतात. “मॅडम, मले सहावा लागला. आमच्याकडं पहिलटकरणीजवळ माय असते. माझी माय नसंल तर नसंल. पण तिले माहीत तरी पाहिजे ना, का मी आहे.”

दलममध्ये मूल चालत नाही. नवऱ्याचं तिथं केलेलं नसबंदीचं ऑपरेशन इथं येऊन उलटवून घेतलं, तेव्हा कुठं हे पोट दिसत होतं. आणि हे सांगायला तिला एकच माणूस हवं होतं, ते चिठ्ठी वाचू शकत नव्हतं, फोनच्या टप्प्यात नव्हतं आणि गावभरच्या डोळ्यांसमोर होतं.

“मी सांगू का तिला?” माझ्या तोंडून निघून गेलं. सरांनी ऐकलं असतं तर मला दारातून हाकललं असतं.

“अजिबात नाही!” ती इतक्या जोरात म्हणाली की मी दचकले. “तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. शपथ घ्या. तिथं तुम्ही एकट्या नसान. त्यांचा माणूस बसून असते ऐकाले.”

मी शपथ घेतली. तिच्या पोटावर हात ठेवून घेतली. ललिता माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. वजनकाट्यावर काही ठेवून बघावं तसं बघणं. मग तिनं वेगळंच विचारलं.

“तिथं कोणी तुमाले विचारलं का बाहेर आलेली माणसं कशी राहतात, तर तुम्ही काय करता?”

“एखादीचं सांगते. नाव बदलून, गाव बदलून. लोक विचारतातच.”

“हं,” ती म्हणाली आणि कात्री उचलली.

पुढच्या आठवड्यात तिनं नाव बदलायला सांगितलं. मी दोन्ही गोष्टींचा काही संबंध लावला नाही. मी संशोधक होते ना, मला तळटीप सुचली.

*

कोरेमर्काला जायला जीप, मग नदी, मग पायपीट. दुभाषा म्हणून तिम्मा गुरुजी बरोबर होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, स्वतः माडिया, पण पार दुसऱ्या टोकाच्या गावचे. माणूस गमत्या. माझी पाठपिशवी बघून म्हणाले, “मॅडम, एवढं सामान? राहायला आल्या का गावात? माझ्या पाहण्यात एखादा बरा मुलगा असंल तर सांगतो.”

मोहाचा हंगाम होता. गावभर अंगणात मोहफुलं वाळत घातलेली आणि सगळ्या हवेला गोड, आंबूस वास. पाटलाची परवानगी घेऊन आम्ही एकेका घरी बसत होतो. आणि ललिता म्हणाली होती तसंच झालं. प्रत्येक घरी एक मिशाळ माणूस आमच्या मागोमाग यायचा, भिंतीला टेकून बसायचा आणि विडी ओढत ऐकायचा. कोण, काय, कुणी सांगितलं नाही. गुरुजींनी नजरेनंच मला दाखवलं. त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही.

मुरीबाईचं घर शेवटचं. बुटकी, काटक बाई, कोपरापर्यंत गोंदलेली. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात खोवलेली बांबूची फणी. ती माझ्याकडं बघून हसली नाही की रुसली नाही. हातानं बसायची खूण केली आणि स्वतः मोहफुलं निवडत राहिली.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. मुलगी कधी गेली? नेली की गेली? ती दोन-तीन शब्दांत उत्तर द्यायची, गुरुजी त्याचं वाक्य करायचे. गेली. लहान होती. नंतर एकदा आली, बंदूक होती. नंतर नाव वाचलं.

“रडू येतं का, विचारा,” मी गुरुजींना म्हटलं. असला प्रश्न कुणी विचारतं का! पण तो माझ्या प्रश्नावलीत होता.

मुरीबाई उठली आणि चालायला लागली. आम्ही मागे, मिशाळ माणूस आमच्या मागे. गावाबाहेर झाडाखाली पुष्कळ दगड उभे होते. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे. त्यातल्या एका लहान दगडापाशी ती थांबली. वरची धूळ तळहातानं पुसली. जवळ पडलेलं वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. बस. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मग परत येऊन मोहापाशी बसली.

ज्या पोरीचा हा दगड, ती तिकडं गणवेशाला काजं करत बसलीय. तिच्या पोटातलं बाळ माझ्या तळहाताखाली हललं होतं. आणि ते मी या बाईला सांगायचं नाही? असला कसला हा अभ्यास? जीभ चावून गप्प बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. गुरुजी काहीतरी म्हणाले, ते मला ऐकूच आलं नाही.

“मॅडम, ती विचारते,” त्यांनी पुन्हा म्हटलं, “जे बाहेर पडतात, ते काय खातात? कसे राहतात?”

विडीवाल्यानं मान वर केली.

मी सावध झाले. अंगात एकदम इंगोले सर संचारले. “गुरुजी, त्यांना सांगा, मी एका बाईचं सांगते. नाव बदलून सांगते हं, खरं नाव मी कुणालाच सांगत नाही. तिला आपण पिट्टे म्हणू.”

मुरीबाईचा हात मोहफुलांत होता तो तसाच राहिला.

“पिट्टे?” ती म्हणाली.

“पाखरू,” विडीवाला मराठीत माझ्याकडं बघून म्हणाला. अख्ख्या दिवसात तो एवढंच बोलला. मी ‘हो हो’ म्हणून हसले.

मुरीबाई उठली. कोंबड्या मोहात शिरल्या होत्या, त्यांना हाकलत घरामागं गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, कंटाळली. मग ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला दिला आणि अगदी समोर येऊन बसली.

मी सांगत गेले. स्वतःवर भलतीच खूश होते मी, कारण एकूण एक तपशील बदलत होते. पिट्टे चंद्रपूरकडं असते म्हटलं. शिलाई लपवायची म्हणून म्हटलं, बांबूच्या टोपल्या विणते, फार सुरेख विणते, दुकानात जातात तिच्या टोपल्या.

मुरीबाईच्या नाकातून फुर्र असा आवाज निघाला. तिनं तोंडावर हात धरला. गुरुजी माझ्याकडं बघायला लागले.

“काय झालं?”

“माहीत नाही. हसली.”

मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. आता गुरुजींना तिच्या एका शब्दाचं वाक्य करावं लागत नव्हतं, उलट थांबवावं लागत होतं. नवरा मारतो का? नाही म्हटलं, तो भात शिजवतो. भात शिजवतो! मूलबाळ? पोटाशी आहे म्हटलं, सहावा उलटला. हे मात्र मी बदललं नाही. बदलायचं सुचलं नाही म्हणा, किंवा जीभ वळली नाही म्हणा. उलट्या होतात का? आंबट खाते का? रात्री पाय दुखतात का? कुणी आहे का जवळ? वसाहतीत शेजारणी आहेत, दवाखाना जवळ आहे, सगळं मी सांगितलं. विडीवाल्याला जांभई आली. बायकांच्या गोष्टी निघाल्या तसा तो लांब जाऊन बसला.

मग मुरीबाईनं माझ्या डोक्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि गुरुजी इतक्या वेळानं पहिल्यांदा मोकळं हसले.

“म्हणते, या पोरीच्या डोक्यावर घरटं झालंय. आई नाही का हिला?”

खरंच, जीप आणि पायपीट यांत माझ्या केसांची पार वाट लागली होती. मी लाजले. तोवर ती माझ्या मागे येऊन बसलीसुद्धा. रबर ओढून काढलं, स्वतःच्या अंबाड्यातली फणी घेतली आणि माझा गुंता सोडवायला लागली. हात खरखरीत, पण ओढ लागू न देणारा. फणीचा एक दात मोडका होता, तो मध्येच टोचायचा. किती वर्षांत माझे केस असे कुणी विंचरले नव्हते. मला उगाचच रडू यायला लागलं. अंबाडा बांधून तिनं ती फणी त्यातच खोवली आणि वरून टपली मारली.

“परत करते, थांबा,” मी हात वर नेला.

तिनं माझा हात खाली दाबला. गुरुजी म्हणाले, “राहू दे म्हणते. गावाले जाईपर्यंत काढू नको, केस सुटतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दगडांच्या झाडाजवळून वाट जात होती. आणि तिथून रडण्याचा आवाज आला. साधंसुधं रडणं नाही. ऊर बडवत, जमिनीवर लोळत, गाव गोळा होईल असा आकांत. मुरीबाई त्या लहान दगडाला मिठी मारून ओरडत होती. बायका धावत होत्या. विडीवालासुद्धा मान खाली घालून उभा होता.

मी गुरुजींची बाही ओढली. “गुरुजी, हे माझ्यामुळं झालं. मी दुसऱ्या कुणाच्या पोटातल्या बाळाच्या गोष्टी तिच्यासमोर केल्या. तिला पोर आठवली. किती दुष्ट आहोत हो आपण!”

आम्ही चालत राहिलो. आवाज नदीपर्यंत येत होता.

*

वसाहतीत पोचले तेव्हा ललिता दारातच होती. चार दिवस तशीच बसून असल्यासारखी. माझी तर तिच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती. मी चप्पल काढायला वाकले आणि ती एकदम म्हणाली, “हलू नका.”

तिनं माझ्या अंबाड्याला हात लावला. फणीवरून बोट फिरवलं. मोडक्या दाताशी येऊन बोट थांबलं.

“हे मायनं दिलं?”

“हो. केस बांधून दिले मला. ललिता, मी एक शब्द बोलले नाही गं तुझ्याबद्दल. शपथ मोडली नाही. पण मी फार वाईट केलं. त्यांनी विचारलं म्हणून पिट्टेचं सांगितलं, सगळं बदलून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दगडापाशी इतक्या रडल्या...”

“कशी रडली?”

“काय सांगू! ऊर बडवून. लोळून. गाव जमा झालं.”

“मोठ्यानं?”

“अगं, नदीपर्यंत ऐकू येत होतं.”

ललिता मटकन खाली बसली, उंबऱ्यावरच. आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, हिला काहीतरी झालं. नवरा आतून भाताचा हात तसाच घेऊन धावत आला.

“माझी माय मोठ्यानं रडत नाही,” ती म्हणाली. “बाप मेला तेव्हा तिनं तोंड नाही उघडलं. मले न्यायला आले तेव्हाही नाही. तिले रडता येत नाही मॅडम. तिनं गावाले ऐकवलं.”

“काय ऐकवलं?”

“का पोरगी मेली म्हणून.”

मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. घरामागं गेलेली मुरीबाई. तांब्या. उलट्या होतात का, पाय दुखतात का.

“पिट्टे कोण आहे?” मी विचारलं.

“मी. लहान होती तेव्हा माय सुपात धान पाखडायची आणि मी दाणे उचलून खायची. कोंबड्यांच्या आधी. म्हणून मले पिट्टे म्हणे. दोघीच असलो का. दुसऱ्या कोणाले माहीत नाही, बापालेही नाही.”

मी चिडले. खरंच चिडले, अंगाचा तिळपापड झाला. “तुला काही अक्कल आहे का? तो माणूस तिथं बसला होता! माझ्या तोंडून ते नाव... त्याला कळलं असतं तर? मला सांगायचं तरी!”

“तो बसला असंल हे मले माहीतच होतं ना. म्हणून तर तुमाले नाही सांगितलं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तुमाले माहीत असतं, तर ते नाव घेताना तुम्ही मायच्या तोंडाकडं पाह्यलं असतं. त्यानं तुमच्याकडं पाह्यलं असतं.”

आणि मग मला तिच्या पहिल्या मुलाखतीतलं वाक्य आठवलं. प्रबंधात ते मी अवतरणचिन्हांत टाकलंय, अजून आहे. दलममध्ये तुझं काम काय होतं, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, मी निरोप न्यायची. मोठे लोक मले भाजी देत, कपडा देत, फलाण्याले दे म्हणत. त्यात काय आहे ते मले ठाऊक नसे. नेणाऱ्याले निरोप माहीत नसला का तो पकडल्या जात नाही.

मी त्याच्यावर दोन पानं विश्लेषण लिहिलं होतं. आणि स्वतः डोक्यावर उत्तर खोवून चालत आले होते, नदी ओलांडून, जीपमधून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

राग कुठं गेला कळलं नाही. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. “टोपल्या विणते म्हणून सांगितलं मी त्यांना. हसल्या त्या.”

“टोपल्या!” ललिता किंचाळली. “मले एक टोपली विणता येत नाही! माय शिकवून शिकवून थकली. तुमाले दुसरं काही नाही सापडलं?”

“सुरेख विणते म्हटलं. दुकानात जातात म्हटलं.”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिला तर नीट हसताही येत नव्हतं, पोट आड येत होतं. नवरा दारात उभा राहून आलटून पालटून आमच्याकडं बघत होता. मग तिनं मला पाठमोरं बसवलं, फणी काढली आणि स्वतःच्या केसांत खोवली. माझे केस सुटून पाठीवर पडले. मशीनवरच्या गणवेशाच्या निळ्या कापडाची एक चिंधी घेऊन तिनं ते बांधून दिले.

“मायनं आणखी काय विचारलं?” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगा. काही सोडू नका.”

मी पहिल्यापासून सांगितलं. भात करपला तरी कुणी उठलं नाही.

*

नागपूरला गेल्यावर मी ती तळटीप खोडली. पिट्टे हे नावही प्रबंधभर बदललं, कारण नियमच तसा आहे. घरच्यांना ओळखू येईल असं नाव वापरायचं नाही. सर म्हणाले, “अगं, इतकं अर्थपूर्ण नाव होतं!” मी म्हटलं, “सर, टायपिंगला अवघड जातं.”

ललिताला मुलगी झाली. मायलेकी पुढं दोनदा भेटल्या. जिल्ह्याच्या गावी डोळ्यांचं शिबिर असायचं, म्हातारी मोतीबिंदूसाठी आली. तो निरोप कुणाच्या हाती गेला, ते मी विचारलं नाही. एक डोळा एका वर्षी, दुसरा दुसऱ्या वर्षी. वसाहतीतली एक बाई शिबिरातल्या एका अनोळखी आजीला भात भरवते, केस विंचरते, तिच्या मांडीवर आपली पोर देते, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मागच्या वर्षी मुरीबाई गेली. आता तिकडं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ललिता उघडपणे गावी गेली, मुलीला घेऊन, आणि आईच्या नावाचा दगड लावून आली. गावकऱ्यांनी विचारलं, तुझ्या दगडाचं काय करायचं, पाडायचा का? ती म्हणाली, मायनं लावलाय, राहू द्या. त्याच्याच बाजूला तिनं आईचा लावला.

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, “मॅडम, आता लिवा ते. तुमची शपथ फिटली.”

मी लिहिलंय. सवयीप्रमाणं सगळं बदललंय. गावाचं नाव बदललंय, गुरुजींचं बदललंय, जुरी नि ललितासुद्धा बदललेलीच. एक तेवढं बदललं नाही. मी बदलणार होते, पण तिनं बदलू दिलं नाही.

“पिट्टे तसंच ठेवा,” ती म्हणाली. “आता मले त्या नावानं हाक मारणारं कोणी राह्यलं नाही. वाचणारं तरी कोणी म्हणंल.”